मूत्राशयाच्या कर्करोगावरील उपचारांचे दुष्परिणाम आणि रुग्णाची भाषा : जबलपूरच्या मराठी भाषकांच्या संदर्भात

१

मूत्राशयाचा कर्करोग हा विषय भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी आपल्या क्षेत्राबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. तथापि या रोगावरील उपचारांत एक टप्पा असा येतो की, तेथे पुढील निर्णय यंत्रापेक्षा रुग्णाच्या बोलण्यावर अधिक अवलंबून राहतो. रक्तातील पेशींची संख्या मोजता येते, मूत्रपिंडाचे कार्य तपासता येते, दुर्बिणीने मूत्राशयाचे अंतस्त्वचेपर्यंत दर्शन घेता येते. परंतु लघवी करताना होणारी आग, वारंवार व तातडीने लागणारी लघवी, अंगातली कसर, घराबाहेर पडण्याची वाटणारी धास्ती आणि दांपत्यजीवनात आलेला दुरावा या गोष्टी रुग्णाने सांगितल्या तरच कळतात. सांगणारा एका भाषेत जगणारा आणि ऐकणारा दुसऱ्या भाषेत वैद्यक करणारा असेल, तर दुष्परिणाम हा केवळ शरीराचा प्रश्न राहत नाही. तो भाषांतराचाही प्रश्न होतो. जबलपूरसारख्या नगरीत हा प्रश्न स्पष्टपणे दिसतो.

जबलपूरचा मराठीशी संबंध जुना आहे. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ मध्ये सागर-नर्मदा प्रदेश आणि नागपूरचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला. राजधानी नागपूर असल्यामुळे मराठी आणि हिंदी यांचे व्यवहार पुढे जवळजवळ शंभर वर्षे एकाच शासनाखाली चालले. कचेऱ्या, न्यायालये, शाळा, रेल्वे आणि १९०४ साली सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून येथील मराठी माणसाची घरातली भाषा एक आणि दाराबाहेरची दुसरी, अशी विभागणी कायम झाली.

साहित्याच्या दृष्टीने ही द्विभाषिकता श्रीमंतीची ठरली आहे. मराठी घरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतील अग्रगण्य कवी झाले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत कविता व कादंबरी लिहिली, हे उदाहरण सर्वपरिचित आहे. परंतु काव्यात जी द्विभाषिकता संपत्ती ठरते, तीच रुग्णशय्येवर ऋण ठरू शकते. माणूस शिकतो, नोकरी करतो, भांडतो, विनोदही करतो तो संपादित भाषेत. दुखते मात्र बहुधा मातृभाषेत.

२

हा शब्दविचार करण्यापूर्वी उपचारांचे स्वरूप समजून घेणे अवश्य आहे. मूत्राशयाचा कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांत तीन ते चार पटींनी अधिक आढळतो. त्याचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धूम्रपान होय. तेंदूपत्त्याच्या जंगलांचे सान्निध्य असलेल्या जबलपूर-सागर भागात विडीचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभापासून रुजला, ही बाब या संदर्भात विसरता येत नाही. दुसरे कारण रंगोद्योगातील काही रसायने. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत या रोगाची नोंद केली होती. लघवीतून वेदनेवाचून रक्त जाणे हे पहिले लक्षण बहुधा असते. आणि वेदना नाही म्हणूनच पुष्कळदा त्याची उपेक्षा होते.

पाश्चात्त्य नोंदींनुसार सुमारे ७० ते ७५ टक्के रुग्णांत निदानाच्या वेळी रोग मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. अशा वेळी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. गाठ पुन्हा उद्भवण्याची प्रवृत्ती प्रबळ असल्याने, धोका अधिक असलेल्या रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडतात. प्रत्येकाच्या दंडावर जिची खूण असते, तीच ही क्षयरोगाची लस. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ ते १९२१ या काळात गोवंशातील क्षयजंतूची पित्तमिश्रित बटाट्यावर २३० वेळा पुनर्लागवड करून त्याचा मारकपणा घालविला, आणि १९२१ मध्ये ही लस प्रथम एका अर्भकास देण्यात आली. भारतात १९४८ मध्ये मद्रासजवळील गिंडी येथे तिची प्रयोगशाळा स्थापन झाली. १९७६ मध्ये कॅनडातील आल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगावर तिचा उपयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, हा त्यांचा क्रम आजही मूळ क्रम म्हणून पाळला जातो. पुढे एक ते तीन वर्षे ठरावीक अंतराने तीन-तीन मात्रा देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही या उपचारासाठी स्वतंत्र बीसीजी तयार होते.

उपचाराची कृती सोपी आहे. मूत्रमार्गातून बारीक नळी घालून सुमारे ५० मिलिलिटर द्रावण मूत्राशयात सोडतात व रुग्णाने ते दोन तास धरून ठेवावयाचे असते. त्यानंतरच्या काही तासांतील लघवीत जिवंत जंतू असतात. म्हणून शौचपात्रात जंतुनाशक टाकून मगच पाणी सोडण्यास सांगतात. हे द्रव्य विष नाही. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला मूत्राशयाच्या आतल्या भिंतीवर पाचारण करते. होणारी आग ही एका अर्थाने या पाचारणाची किंमत होय. म्हणूनच येथे दुष्परिणाम आणि परिणाम यांच्यातील रेषा ठळक राहत नाही.

३

बीसीजीनंतर बहुसंख्य रुग्णांना एक-दोन दिवस लघवीला जळजळ, वारंवारता, थोडे रक्त, अंगदुखी आणि बारीक ताप हे त्रास होतात. ते अपेक्षित असतात व सामान्यतः आपोआप ओसरतात. याउलट काही परिणाम विरळ परंतु गंभीर असतात : जंतू रक्तात शिरून सर्वांगाला होणारा संसर्ग, यकृताचा किंवा फुफ्फुसाचा दाह, पौरुषग्रंथीतील गाठी, सांधेदुखी, आणि मूत्राशय आक्रसून त्याची धारणशक्ती नाहीशी होणे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,६०२ रुग्णांच्या आढाव्यात रक्तातील संसर्गाचे प्रमाण ०.४ टक्के आणि आक्रसलेल्या मूत्राशयाचे ०.२ टक्के आढळले होते. प्रमाण अल्प आहे. पण ज्याच्या वाट्याला ते येते त्याच्यापुरते ते पूर्ण असते. युरोपातील १,३०० हून अधिक रुग्णांच्या एका चाचणीत सुमारे ८ टक्के रुग्णांनी दुष्परिणामांमुळे उपचार सोडला, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

यातून निघणारा व्यावहारिक नियम असा : ताप ३८.५ अंश सेल्सियसच्या वर जाऊन दोन दिवस टिकला, किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर रुग्णाने विनाविलंब उपचारकेंद्र गाठले पाहिजे. तेथे त्याला क्षयरोगावरची औषधे द्यावी लागण्याचा संभव असतो. आणि त्यांतही पायराझिनामाइड उपयोगी पडत नाही, कारण हा जंतू त्याला निसर्गतःच दाद देत नाही. मूत्राशयात बीसीजी दिलेले आहे, एवढे एक वाक्य नव्या डॉक्टरला कळले नाही, तर तापाचा साधा विचार होऊन साधे प्रतिजैविक दिले जाते आणि मोलाचे दिवस जातात. हे वाक्य रुग्णाला अथवा त्याच्या घरच्यांना सांगता आले पाहिजे. भाषेचा प्रश्न येथे जीवनमरणाचा होतो.

मराठीत तापाच्या पायऱ्या सूक्ष्म आहेत. अंगात कसर असणे, कणकण वाटणे, ताप येणे, तापाने फणफणणे, हुडहुडी भरणे, असा हा चढता क्रम आहे. बीसीजीनंतर कसर अपेक्षित, हुडहुडी धोक्याची. अर्थात नेमकी जी रेषा वैद्याला हवी, ती घरगुती मराठीत आधीच आखलेली आहे. परंतु हिंदीत कसर म्हणजे उणीव. अंगात कसर आहे, असे मराठी वळणाने बोलणाऱ्या वृद्धेचे म्हणणे हिंदी कानाला निरर्थक वाटते. ज्या अर्थच्छटेसाठी हिंदीत हरारत हा शब्द आहे, तो तिला ठाऊक असतोच असे नाही. अखेरीस ती बुखार हा एकच शब्द वापरते, आणि पाच पायऱ्यांचा जिना सपाट होतो.

दुसरे उदाहरण उन्हाळी या शब्दाचे. लघवीला आग होऊन ती थेंबथेंब होण्याला मराठीत उन्हाळी लागणे म्हणतात. ऋतूवरून पडलेले हे नाव आपल्याबरोबर एक कारणमीमांसा आणि एक उपचारही आणते : बाहेरचे ऊन शरीरात उतरले, तेव्हा धन्या-जिऱ्याचे पाणी, वाळा, सब्जा, ताक घ्यावे. जबलपूरच्या वैशाखात ही मीमांसा अगदी पटण्यासारखी असते. तिचा धोका दुहेरी आहे. एक तर, रोगाच्या आरंभीचे रक्त हे उन्हाळीच्या खाती जमा होऊन निदान लांबते. दुसरे, उपचारानंतरचा संसर्गही त्याच खाती जातो. भाषांतर करू जावे तर आणखी अडचण उभी राहते. हिंदीत गर्मी म्हटले, तर त्या शब्दाला जुन्या बोलीत गुप्तरोगाचा वास आहे. मराठीतील गरमीलाही तो आहेच. म्हणून संकोची रुग्ण तो शब्द टाळतो आणि तक्रारच गिळतो.

४

रोग स्नायूत शिरला असेल, तर मूत्राशयच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. पुरुषांत त्याबरोबर पौरुषग्रंथी जाते आणि लिंगोत्थानाच्या मज्जातंतूंना इजा होण्याचा संभव असतो. स्त्रियांत पुष्कळदा गर्भाशय, बीजकोश आणि योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीचा भागही काढला जातो. लघवीला नवी वाट म्हणून लहान आतड्याचा सुमारे १५ सेंटिमीटरचा तुकडा वापरून पोटावर छिद्र करतात व त्यावर बाहेरून पिशवी बसवितात. अमेरिकन शल्यविशारद यूजीन ब्रिकर यांनी ही पद्धत १९५० मध्ये रूढ केली. काही रुग्णांत आतड्याचाच नवा मूत्राशय घडवून तो मूळ मार्गाला जोडता येतो. मग बाहेर पिशवी लागत नाही, पण रात्री लघवी झिरपण्याचा त्रास उरतो. छिद्राभोवतीची कातडी सोलवटणे, तेथे अंतर्गळ होणे, रक्तातील आम्लता वाढणे, कालांतराने ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होणे, हे या शस्त्रक्रियेचे पुढचे परिणाम होत.

या ठिकाणी पिशवी हा एक शब्द तीन अर्थांनी वावरू लागतो. लघवीची पिशवी म्हणजे मूत्राशय. नुसती पिशवी म्हटले की मराठी स्त्रिया गर्भाशय समजतात. पिशवी काढली या वाक्याचा घरोघरी एकच अर्थ होतो. आणि शस्त्रक्रियेनंतर पोटावर बसविलेली तीही पिशवीच. हिंदीत मूत्राशयाला पेशाब की थैली म्हणतात, गर्भाशयाला बच्चेदानी. तेथे पहिल्या दोन अर्थांची फारकत झालेली आहे. म्हणून डॉक्टरने थैली निकालनी पड़ेगी असे सांगितले आणि मुलाने घरी येऊन पिशवी काढायची असे त्याचे मराठी केले, तर आईला मूत्राशय जाणार हे कळेलच याची शाश्वती नाही. एका पिशवीच्या जागी दुसरी पिशवी कायमची पोटावर येणार, हे तर त्या वाक्यात कोठेच नसते. संमतिपत्रावर अंगठा किंवा सही होते. परंतु संमती कशाला दिली गेली, हा प्रश्न उरतो.

किरण व रासायनिक औषधे यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. किरणोपचाराने मूत्राशय व गुदाशय यांचा दाह होतो; कधी काही वर्षांनीही लघवीतून रक्त येऊ लागते. सिसप्लॅटिनमुळे ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, कानांत आवाज येऊन ऐकू कमी येते, हातापायांना मुंग्या येतात. मुंग्या येणे ही मराठी प्रतिमा इतकी जिवंत आहे की तिचे शब्दशः हिंदी केल्यास चींटियाँ होतात आणि ऐकणारा गोंधळतो. तेथे झुनझुनी हा शब्द हवा. अलीकडच्या प्रतिकारशक्तिवर्धक औषधांमुळे अवटुग्रंथी, आतडी वा त्वचा यांचा दाह उद्भवू शकतो. या सर्व परिणामांत औषधाची मात्रा कमी करावी, थांबवावी की चालू ठेवावी, याचा निर्णय रुग्णाच्या निवेदनाशी बांधलेला असतो.

शरीरसंबंधाच्या अडचणीविषयी तर निवेदनच होत नाही. मुलगा किंवा सून दुभाषी म्हणून बसलेली असताना वृद्ध पिता या विषयाला तोंड फोडीत नाही आणि आई तर मुळीच नाही. येथे शब्दांची उणीव नाही. शब्द उच्चारण्याजोगी जागा नाही.

५

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या उपचारात आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटावी. सूझन सॉन्टॅग यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात क्षय आणि कर्करोग या दोन रोगांभोवती पाश्चात्त्य समाजाने गुंफलेल्या रूपकांची परस्परविरोधी मांडणी केली : एक रोग काव्यमय, दुसरा लज्जास्पद. रूपकांपासून रोगाची सुटका व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. मूत्राशयाच्या उपचारात मात्र या दोन रोगांची प्रत्यक्ष गाठ पडते. एकाचा निर्वीर्य केलेला जंतू दुसऱ्याच्या निवारणासाठी वापरला जातो.

भारतीय भाषांत या दोन नावांचा इतिहास निराळा आहे. क्षय या शब्दामागे दक्षाच्या शापाने झिजणाऱ्या चंद्राची कथा आहे; राजयक्ष्मा हे त्याचेच भारदस्त नाव. त्या झीजेला सौंदर्याचे वलय कधी लाभले असेल, पण घराघरांतून त्याला बहिष्काराचे भयही चिकटले. कर्करोग हा शब्द मात्र ग्रीक-लॅटिन खेकड्याचे संस्कृत रूपांतर होय. उर्दूतील सरतान म्हणजेही खेकडाच. आयुर्वेदातील अर्बुद हा निकटचा शब्द मागे पडला आणि भाषांतरित खेकडा रूढ झाला. परिणामी, क्षयाचे जंतू मूत्राशयात सोडणार, हे वाक्य मराठी रुग्णाला दोन भीतींची बेरीज वाटते. क्षयाची लस देणार, असे म्हटले तर त्याला दंडावरची ओळखीची खूण आठवते. दोन्ही वाक्ये आशयाने खरी आहेत. दुसरे वाक्य अर्धे सत्य सांगून धीर देते, पण ताप आल्यावर आवश्यक असलेले पहिले सत्य झाकते. उत्तम भाषांतराला धीर आणि सावधगिरी या दोहोंचा भार एकाच वाक्यात पेलावा लागतो.

दुष्परिणाम हा शब्दही तपासण्याजोगा आहे. इंग्रजी शब्दात बाजूला घडणारे असा तटस्थ भाव आहे. मराठी दुस् हा उपसर्ग मात्र दोषारोप करतो. त्यामुळे अपेक्षित जळजळही रुग्णाला औषधाच्या वाईटपणाचा पुरावा वाटते आणि तो उपचार अर्ध्यावर सोडतो. किंवा उलट, डॉक्टरांच्या औषधाला नावे ठेवणे नको म्हणून तक्रार करीत नाही. आनुषंगिक परिणाम ही संज्ञा अधिक न्याय्य आहे, पण ती घरात चालणार नाही. औषधाचा त्रास हा साधा मराठी प्रयोग या दोहोंपेक्षा बरा. मात्र हिंदीत त्रास म्हणजे भय वा यातना, तेथे तकलीफ म्हणावे लागते.

प्राचीन परंपरेत या अवयवाविषयी आजच्याइतका संकोच दिसत नाही, हेही नमूद केले पाहिजे. चरकसंहितेत शिर, हृदय आणि बस्ती ही तीन प्रमुख मर्मे मानली आहेत. मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार तेथे सांगितले आहेत, आणि सुश्रुताने मूत्राघाताचे बारा. मूत्रमार्गाने आत द्रव सोडण्याच्या क्रियेला उत्तरबस्ती हे नाव होते. यावरून आधुनिक उपचाराचे पूर्वज्ञान प्राचीनांना होते असा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. निष्कर्ष एवढाच की, या अवयवाच्या व्यथांसाठी नेमकी आणि निःसंकोच परिभाषा या भूमीत एकदा घडली होती; ती घडविता येते.

६

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे हिंदी माध्यमातील वैद्यकीय पाठ्यपुस्तकांचे प्रकाशन झाले आणि मध्य प्रदेशात वैद्यक-शिक्षणाच्या भाषेची चर्चा नव्याने सुरू झाली. ती चर्चा मुख्यतः डॉक्टर कोणत्या भाषेत शिकणार, याविषयीची आहे. रुग्ण कोणत्या भाषेत सांगणार, हा प्रश्न तिच्या कडेला राहतो. जबलपुरात १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि विद्यापीठीय भाषाविभागही आहेत; परंतु हा प्रश्न दोघांच्या सीमारेषेवरचा असल्याने तो कोणाच्याच अभ्यासक्रमात सहजी बसत नाही.

भाषाविभागांना येथे करण्याजोगे काम मर्यादित पण निश्चित आहे. पारिभाषिक कोश पुष्कळ झाले. त्यांत मूत्रकृच्छ्र सापडते, उन्हाळी सापडत नाही. हवा आहे तो रुग्णांच्या बोलण्यातून वेचलेला शब्दसंग्रह : कसर, कणकण, हुडहुडी, उन्हाळी, लघवी तुंबणे, मुंग्या, पिशवी, त्यासमोर हिंदी आणि बुंदेली प्रतिशब्द, आणि कोणता शब्द ऐकताच डॉक्टरने पुढचा प्रश्न विचारावा याची सूचना. त्याचबरोबर, बीसीजी घेणाऱ्या रुग्णाजवळ दोन भाषांतील एक लहान कार्ड असावे : मूत्राशयात जिवंत बीसीजी दिलेले आहे, अमुक दिवशी दिले, ताप या मर्यादेपलीकडे गेल्यास येथे यावे. दुभाषी म्हणून घरच्या तरुणांऐवजी शक्य तेथे त्याच लिंगाची, समवयस्क, बाहेरची व्यक्ती असावी, म्हणजे न बोलल्या जाणाऱ्या तक्रारींना वाट मिळेल.

भाषांतराचा विचार आपल्याकडे बहुधा कवितेच्या निमित्ताने होतो आणि कवितेत काय हरवले याची गणना मोठ्या साक्षेपाने केली जाते. कवितेच्या भाषांतरात हरवलेली छटा पुढच्या भाषांतरकाराला पुन्हा शोधता येते. तपासणीच्या खोलीत हरवलेली कसर आणि हुडहुडी यांच्यातली छटा पुष्कळदा दुसरी संधी देत नाही. तेव्हा या छटांची नोंद ठेवणे हे वैद्यकाइतकेच भाषाभ्यासाचेही कर्तव्य ठरते.